लवंगेची रेघ

अख्ख्या पालघर जिल्ह्यात वासाच्या बाबतीत स्वतःच्या नाकावर विश्वास न ठेवणारी एकच बाई असेल, आणि ती नेमकी माझी थोरली नणंद आहे. वन्सं तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका प्रयोगशाळेत सुगंधी तेलं तपासतात. तेलाचा एवढासा थेंब त्या यंत्रात सोडतात. आत केसासारख्या बारीक नळीतून तो पळत सुटतो. त्यातले हलके घटक पुढे, जड मागे. बाहेर पडेल त्याला यंत्र फोडून तोलतं आणि पडद्यावर ज्याची त्याची उभी रेघ काढतं. त्या रेघा बघून वन्सं सांगतात, तेलात कोण आहे आणि कोण असायला नको होतं. "नाकाला भीड पडते, रेघेला पडत नाही," असं त्यांचं म्हणणं.

कामावर जाताना त्या गजरा माळत नाहीत, वासाचं तेल लावत नाहीत. घरात उदबत्ती फक्त रविवारी, त्यामुळे आमचे देव आठवडाभर वासावाचून दिवस काढतात. पाहुणा अत्तर लावून आला की त्याला पडवीतच बसवतात. लग्नाच्या वयात म्हणे एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलाच्या रुमालाला अस्सल चंदनाचं अत्तर आहे, हे त्याच्या काकांनी पुन्हा पुन्हा ऐकवलं. वन्संनी रुमाल मागून घेतला, यंत्राला दाखवला आणि निरोप धाडला, "चंदन नाही. बाकी मुलगा बरा आहे." तिकडून पुन्हा कोणी फिरकलं नाही. त्यांना त्याचं वाईट वाटलं का, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही.

अशा बाईच्या आईलाच तेल काढायची हौस यावी, याला काय म्हणावं? माकुणसारला आमच्या वाडीत नारळींखाली गवती चहा माजला होता. सासूबाईंनी आळीतल्या बायका जमवल्या, सगळ्यांनी मिळून तांब्याची भट्टी घेतली. एक व्यापारी सगळं तेल उचलायला तयार झाला. फक्त निर्भेळ असल्याचा दाखला हवा होता. बाटली वन्संकडे गेली. आईंना वाटलं, आता काय, घरचंच काम. वन्संनी रेघा पाहिल्या आणि लिहून दिलं: लवंगेचा अंश आहे.

"आमी पातीबिगर कायपन घालत नाय," आई कडाडल्या. "तुजी मशीन येडी हाय, बाय."

"मशीन आईला ओळखत नाही."

"ती नाय वळखत. तू तं वळखतेस ना?"

वन्संनी दाखला बदलला नाही. व्यापाऱ्याने पावसाळ्यापर्यंत मुदत दिली; तोवर निर्भेळ तेल आलं नाही, तर बोलणं मोडलं. आळीतल्या बायका आमच्या दारावरून मान फिरवून जाऊ लागल्या. मी भीत भीत म्हटलं, "एवढीशी तर रेघ. सोडून द्या की." अत्तर लावलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं वन्संनी माझ्याकडे बघितलं.

"वैनी, आई खोटं बोलत नाही. रेघही बोलत नाही. मग मधे काहीतरी आहे, आणि ते मी काढणार."

मग त्या हात धुऊन मागे लागल्या. भट्टी घासून घेतली, बरण्या बदलल्या, विहिरीचं पाणी तपासलं, पात चुरगळून तपासली. कुठे लवंगेचं झाड आहे का बघायला शेजारच्या वाडीत घुसल्या. कुत्रा अंगावर आला, तरी शेवटचं झाड बघूनच परतल्या. नवं तेल काढलं. रेघ जागच्या जागी.

शेवटी रजा टाकून, भट्टीसमोर पाट मांडून बसल्या. मीही शेजारी होते. पात भरून झाली. झाकण बसवण्याआधी आई पुढे आल्या, लवंग खोचलेला विडा कपाळाला लावला आणि अलगद आत सोडला. मागोमाग आळीतल्या एकेकीने आपापला विडा सोडला.

"आई, हे काय?"

"विडा. दर खेपेला असतो."

"मी कधीपासून विचारतेय, आत काय घालता म्हणून."

"तो काय तेलात घालतो आमी?" आई खरोखरच चकित झाल्या होत्या. "तो देवीला देतो."

"देवीने घेतला नाही, आई. माझ्याकडे पाठवला."

आई आपल्या लेकीकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांना जे हसू लोटलं ते आवरेना. त्या दिवसापासून विडे चुलीच्या तोंडाशी पाटावर मांडायचं ठरलं. पुढच्या तेलात ती रेघ नव्हती. व्यापाऱ्याने तेल उचललं, अजूनही उचलतो.

आता आई नाहीत. भट्टी बायका चालवतात. पहिल्या, नापास तेलाची बाटली मात्र वन्संनी टाकली नाही. काळ्या काचेत, थंडाव्यात जपून ठेवली आहे. आईंच्या तिथीनंतर जी पहिली सुटी येईल, त्या दिवशी त्या मला घेऊन प्रयोगशाळेत जातात. फाटकावरचा रखवालदार म्हणतो, "मॅडम, आज तो छुट्टी है." "काम है," म्हणून त्या आत शिरतात आणि बाटलीतला थेंब यंत्रात सोडतात. पातीच्या मोठ्या रेघा वर येतात. दर वर्षी त्या थोड्या उतरलेल्या दिसतात, पण वन्संचं तिकडे लक्षच नसतं. पातीच्या रेघांमागून लवंगेची ती लहानशी रेघ उभी राहते.

"आली," वन्सं म्हणतात. मग कितीतरी वेळ त्या उठत नाहीत.