टिचकी

उद्यमनगरातल्या चहाच्या गाड्यावर ते रोज भेटायचे. फाउंड्रीचे मालक होते. नाव त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. समोर दिसेल त्याला टिचकी मारून कान द्यायची त्यांना खोड होती. ओतलेलं कास्टिंग चांगलं असलं की खणखणतं, आत चीर असली की बद्द वाजतं. कामातली ही सवय चहाचा ग्लास, माझी सायकल, कशालाच सोडायची नाही. "खणखणीत हाय की!" असं चौकभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडायचे. मला वैताग यायचा.

पोराच्या हट्टापायी त्यांनी फाउंड्री विकली आणि युरोपातल्या कुठल्याशा बेटावर फ्लॅट घेतला. तिथं घर घेतलं की कायमचं राहायला मिळतं म्हणे. घरातले सगळे तिकडं राहायला गेले. हे एकटे परत आले.

"तिथं करू काय, पावणं? भट्टी न्हाय, काय न्हाय."

भट्टी आता इथंही नव्हती.

परवा त्यांनी तिथल्या रहिवासाचं कार्ड बाकावर ठेवलं, टिचकी मारली आणि कान खाली नेला. पलीकडं त्यांच्याच फाउंड्रीत नव्या मालकाचे हातोडे वाजत होते.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"कायच न्हाय."

त्यांना इतकं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.