वासुदेवजी एकदाच नको म्हणाले

माझ्या बहिणीचं जमलेलं लग्न मी चमचाभर तेलावरून मोडलं.

तेल खराब नव्हतं. सांडलं नाही, कुणाला भाजलंही नाही. ते फक्त कमी पडलं. आणि तेल कमी वाढायची ही अक्कल मी थेट हॉलंडमध्ये नऊ वर्षं काढून नागपुरात आणली होती!

तिथे गेलो त्याच आठवड्यात एका सहकाऱ्याने घरी जेवायला बोलावलं. त्याच्या बायकोने भांडं पुढे केलं, "आणखी घेणार?" मी रीतीप्रमाणे लाजून "नको" म्हटलं. बाई हसली आणि भांडं घेऊन आत गेली. गेली ती गेलीच! मी डोळे दरवाज्याला लावून बसलो होतो. शेवटी खोलीवर येऊन कोरडा ब्रेड चावला आणि शपथ घेतली की या देशात पुन्हा 'नको' म्हणून तोंड उघडणार नाही. पुढे मला ती पद्धत इतकी आवडली, की मीच तिचा प्रचारक झालो. (बाटलेला माणूस जास्त कडक असतो.)

मागच्या वर्षी कायमचा परत आलो तो प्रतापनगरातल्या घरात व्याख्यानं देतच शिरलो. आई शेजारणीच्या ताटात जबरदस्तीने पोळी टाकायची, की मी सुरू! "आई, समोरचा नको म्हणतो ना? मग नकाराचा आदर करायला शिका तुम्ही लोक!"

"आदर करून तिले उपाशी ठेवू का?" आई विचारायची. तिच्या अडाणीपणाची मला कीव यायची.

अशात मंजूचं ठरायची वेळ आली. मंजू माझी धाकटी बहीण, बत्तीस वर्षांची. तिच्याच ऑफिसातल्या प्रशांतशी तिने दोन वर्षांपूर्वीच परस्पर ठरवून टाकलं होतं. उरलं होतं ते एवढंच, की प्रशांतच्या आईवडिलांनी कुहीहून येऊन आमच्याकडे जेवायचं आणि होकार द्यायचा. बाबा गेल्यापासून घरातला कर्ता पुरुष मी. (घरातल्या बायकांना हे अजून कळलेलं नाही.)

"दादा, तुले फक्त वाढायचं आहे," मंजू म्हणाली. "बोलायचं नाही. हॉलंड तर काढायचंच नाही."

"वाढायचंच आहे ना? त्यात काय चुकणार गं?"

प्रशांतचे वडील वासुदेवजी म्हणजे निवृत्त हेडमास्तर. धानाची शेती, पांढरं धोतर, आवाज असा की मागच्या बाकावरचा पोरगाही सरळ बसावा. आईने वडाभात केला होता. वडे भातावर कुस्करायचे आणि वरून हिंग-मोहरीची गरम फोडणी घालायची. पाहुण्याने ताटावर हात आडवा धरून "बस, बस" म्हणायचं आणि यजमानाने त्याच्या बोटांच्या फटीतून फोडणी ओतत राहायचं, ही आमच्याकडची रीत. मी पळी वाकवली. चमचाभर तेल पडलं असेल-नसेल, वासुदेवजी म्हणाले, "बस जी, बस."

मी थांबलो!

वासुदेवजी हात आडवा धरून तसेच बसले. मी पळी धरून तसाच उभा. शेवटी त्यांनी हात काढला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं गणितात शून्य मिळालेल्या पोराकडे पाहतात.

"वडा घ्या ना जी आणखी?" मी विचारलं.

"नको जी."

"बरं."

आणि वड्यांची परात घेऊन मी आत! प्रशांतच्या आईने "एवढी मोठी पुरणपोळी? नको बाप्पा!" म्हटलं, तर मी ती अदबीने परत डब्यात ठेवली. आतून आई धावत आली, "अहो, असं काय करून राहिले, घ्या ना!" तर मी तिचा हात धरला. "आई! ते नको म्हणाले ना? मग?" मंजू दाराआडून दोन्ही हातांनी मला काही खुणा करत होती. मला वाटलं, शाबासकी देऊन राहिली.

वीस मिनिटांत जेवण उरकलं. उरकणारच, ताटात होतंच काय! वासुदेवजी हात धुऊन आले आणि म्हणाले, "येतो मग आम्ही." आता यावर निदान तीनदा "बसा ना जी, एवढी काय घाई" म्हणायचं, मग चहा, मग पान, मग मुख्य बोलणी, हे नागपुरातलं शेंबडं पोरही सांगेल. मी दार उघडलं. वर त्यांच्या चपला सरळ करून समोर ठेवल्या.

गाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हा आई म्हणाली, "सोयरीक गेली."

संध्याकाळी प्रशांतचा फोन आला. त्याच्या बाबांनी उमरेड रोडवर गाडी थांबवून दोन प्लेट तर्री-पोहे खाल्ले आणि सांगितलं, की ज्या घरात पाहुण्याले दुसऱ्यांदा विचारत नाहीत, त्या घरची मुलगी आपल्याले नको.

मंजू रडली नाही. त्यापेक्षा वाईट केलं, माझ्याकडे नुसतं पाहिलं. "दादा, उद्या कुहीले जायचं. माफी मागायची. आणि हो आणायचं."

गेलो. माफी मागितली, अगदी मनापासून. वासुदेवजी ओसरीवरच्या खुर्चीत वरच्या कौलांकडे पाहत ऐकत होते. प्रशांत शेजारी उभा. मी विचारलं, "मग सोयरीक पक्की समजू का जी?"

वासुदेवजींनी मोठा श्वास घेतला. "आता नको जी. राहू द्या."

"ठीक आहे," मी उठलो. "तुमच्या निर्णयाचा मी आदर करतो." हस्तांदोलन केलं आणि निघालो. प्रशांतचं तोंड उघडंच राहिलं होतं. मला वाटलं, बिचाऱ्याला दुःख झालं.

घरी आई दारातच. "काय म्हणाले?"

"नको म्हणाले."

"किती वेळा?"

"किती वेळा म्हणजे? एकदा."

"एकदा!" आईने कपाळावर हात मारला. "एकदा नको म्हणाले अन् तू उठून आला? अबे, काहून आला? तो मुलाचा बाप आहे! पहिल्या झटक्यात हो म्हणेल तर त्याची इज्जत काय राहीन? अवं मंजू, हा पाह्य, तुया लग्नाचा आदर करून आला!"

मंजूने गाडीची किल्ली पुन्हा माझ्या हातावर ठेवली.

त्याच दिवशी, त्याच रस्त्याने, पुन्हा कुही! एका पुलाजवळचा टपरीवाला मला आता ओळखून हात करायला लागला होता. वासुदेवजी ओसरीवर त्याच खुर्चीत बसले होते. सकाळपासून हलले नसावेत.

"मले वाटलं, गाडीपर्यंत जाऊन तरी परत येसान," ते म्हणाले. आवाजात राग कमी, थकवा जास्त. "चार तास बसून आहो ना जी मी इथं."

मी समोरच्या खुर्चीत बसलो आणि तिचे दोन्ही हात घट्ट धरले, चुकून उठू नये म्हणून. "सोयरीक पक्की करा जी."

"नको जी."

मी हललो नाही. घाम आला, पण हललो नाही. नऊ वर्षांचं हॉलंड पायांत गोळा होऊन 'ऊठ, ऊठ' म्हणत होतं. "असं कसं जी? आमची मंजू, तुमचा प्रशांत... करा ना पक्की!"

वासुदेवजींनी धोतराचा सोगा झटकला. आतून प्रशांतच्या आईने पेढ्यांची बशी दारापर्यंत आणलेली मला दिसत होती.

"आता तुमचा एवढा आग्रहच आहे," वासुदेवजी म्हणाले, "तर आम्ही तरी किती नाही म्हणावं!"

लग्न झालं, थाटात झालं. पंगती बसल्या, तसा मी बाह्या सरसावून तयार झालो. आई येऊन म्हणाली, "वाढतो का रे?" मी आता पुरता शहाणा झालो होतो. मान वळवून, अगदी रीतीप्रमाणे म्हटलं, "नको गं, राहू दे."

"बरं," आई म्हणाली आणि निघून गेली.

तीन पंगती उठल्या. मी वर केलेल्या बाह्या घेऊन खांबाला टेकून होतो. चारच्या सुमारास कुणीतरी आईला म्हणालं, "अवं, तुझा मुलगा जेवला नाही वाटते."

"त्याले आग्रह केलेला नाही आवडत," आई लांबूनच म्हणाली.

तरी मावशीला दया आली. ताट घेऊन माझ्यापर्यंत आली, "बसतो का रे जेवायले?" पोटात कावळे ओरडत होते. मी लाजून म्हटलं, "राहू दे गं मावशी."

तिने राहू दिलं.