पडद्याच्या मागच्या बाजूने

सिंधूताईंनी एकदा नाही म्हटलं की नाही. छत्तीस वर्षं त्या लोणारच्या आसपास खेड्यापाड्यांत सरकारी नर्स होत्या आणि प्रत्येक इंजेक्शन त्यांनी डाव्या हाताने दिलं. सुरुवातीला म्हाताऱ्या नाक मुरडायच्या, "बाई, सुई तरी उजव्या हातानं टोच." सिंधूताई सांगायच्या, "याच हातानं घ्यायची असंन तर बस, नाई तर ताप घेऊन घरी जाय." दोन वर्षांत त्याच म्हाताऱ्या 'डावरी नर्स' आली का म्हणून विचारू लागल्या, कारण तिची सुई दुखत नसे.

हा हट्ट एका पिक्चरने दिला होता. त्या आठ वर्षांच्या असताना बीबी गावात तंबूतला सिनेमा आला. सत्तरच्या दशकातलाच तो खुनाचा पिक्चर, पुढे कुठं गडप झाला कोणास ठाऊक. वडिलांनी, इंद्रभानने, पोरांना पडद्याच्या मागच्या बाजूला बसवलं, तिथं तिकीट अर्धं होतं. पोचेपर्यंत सुरुवातीची नावंही सरली होती. त्याच आठवड्यात गुरुजींनी सिंधूच्या डाव्या हातावर छडी मोडली होती. आणि इथं काय पाहावं? सगळं शहर डाव्या हाताने जेवतंय! हिरोईन डाव्या हाताने चहा ओतते, हवालदार डाव्या हाताने सलाम ठोकतो, आणि कोणी कोणाला मारत नाही. एकच माणूस उजव्या हाताने जेवत होता. शेवटी इन्स्पेक्टर म्हणाला, खुनी डावखुरा आहे, आणि बेड्या नेमक्या त्या उजव्या हाताने जेवणाऱ्यालाच घातल्या. पोलिसांचं काहीतरी चुकलं, एवढंच सिंधूला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने शाळेत पाटीवर डाव्या हाताने लिहिलं. छडी बसली. तिसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. महिनाभराने गुरुजीच थकले.

आता प्रश्न नातीचा होता. सहा वर्षांची काजल आजीवर गेली होती, आणि सूनबाई धम्मशीलाने तिच्या डाव्या मनगटाला लाल रिबीन बांधली होती, हा हात वापरायचा नाही याची आठवण म्हणून. शाळेतून रोज तक्रार येत होती. बिचारी धम्मशीलाही कंटाळली होती.

"ते सोड," सिंधूताई म्हणाल्या. "मोठ्या शहरात समदे डाव्या हातानं खातात. म्या पाह्यलं हाये."

"मंग दाखवा, आई. दिसलं तं सोडतो रिबीन."

सिंधूताईंनी पोराच्या, संघर्षच्या, मागे भुणभुण लावली. हिरवी मोटार, नदीवरचा पूल, हातमोजा, एवढ्या खुणांवर त्याने चार महिने शोधून तो पिक्चर मोबाइलवर काढला. रविवारी दुपारी सगळे पलंगावर बसले.

हिरोईनने चहा ओतला. उजव्या हाताने. हवालदाराने सलाम ठोकला. उजव्या हाताने. सिंधूताईंनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. पंगतीत सगळे उजव्या हाताने जेवत होते, फक्त एक माणूस डाव्या हाताने. शेवटी बेड्या त्यालाच पडल्या. पोलिसांचं काही चुकलं नव्हतं.

"आई," धम्मशीला हळूच म्हणाली, "यात तं डावरा एकच हाये, अन् तोच खुनी."

सिंधूताईंना रडू आलं. पडद्याच्या मागून सगळं उलटं दिसतं, हे इतक्या वर्षांत त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ज्या शहराच्या भरवशावर छड्या खाल्ल्या ते शहर कुठंच नव्हतं. काजल रिबिनीशी चाळा करत खाली बघत होती.

ते बघून त्या उठल्या. मोबाइल उचलून कपाटाच्या आरशासमोर धरला आणि पिक्चर पहिल्यापासून लावला.

"काजल, इकडं ये. यात पाह्य."

आरशात हिरोईन डाव्या हाताने चहा ओतू लागली.

"आजी! समदे माह्यासारखे!"

"हाव. म्या याच बाजूनं पाह्यलं होतं."

"आई, आरशात तं काहीबी दिसते," धम्मशीला म्हणाली. "खरं थोडंच असते?"

"बरं, खोटं. मंग छत्तीस वर्षं इंजेक्शनं म्या कोन्त्या हातानं देल्ली? तुह्या नवऱ्याची नाळबी याच हातानं कापली असती, पन त्या दिवशी म्या सोताच बाळंतीण! अर्ध्या तालुक्याच्या पोरांच्या नाळी याच हातानं कापल्या. त्या आरशात कापल्या का?"

धम्मशीलाने काजलला जवळ ओढलं आणि रिबिनीची गाठ सोडायला घेतली. गाठ घट्ट बसली होती, दातांनी सोडवावी लागली.