गुरुजी कॉम्प्युटरवर गेले तवा

शाळा झाडायचं काम ज्यानं केलं, त्याला ठाऊक हाय. सकाळी कितीबी झाडा, दुपारच्या सुट्टीला तेवढीच धूळ! किश्शाचं बी तसंच. म्या लई झाडून बाहेर टाकले, पर काही पायाला चिकटून घरी आलेच.

सेनगावकडच्या एका गावात मी शाळेचा शिपाई व्हतो. दुसरीत शाळा सोडली, अन् मोठेपणी त्याच शाळेत तीस वर्स काढले. घ्या! पोरं मला मामा म्हणत. खोड्या करायची सवय मला आधीपासून हाय, अन् म्हातारपणी ती जात न्हाई, उलट वाढते.

हे सगळं सांगून राहिलो ते सोनटक्के गुरुजीचं. बावीस वर्स त्यायच्याकडं पयलीचा वर्ग. गावात ज्याला ज्याला सही करता येते, त्याचा हात पयल्यांदा गुरुजीनं धरलेला. सरपंचाचा बी!

*

आपला जिल्हा नवाच झाला व्हता, तवाची गोष्ट. शाळेत दोन कॉम्प्युटर आले. खोके चार महिने तसेच बंद. मंग वरून कागद आला, एका मास्तरानं हिंगोलीला दहा दिवसाचं ट्रेनिंग घ्यायचं, अन् पुढं फक्त कॉम्प्युटरच शिकवायचा.

हेडमास्तरनं मीटिंगमंदी इचारलं, "कोण जातं?" सगळे मास्तर छताकडं पाहू लागले. जसं काई पाल पडून राहिली!

शेवटी दोन दिवसानं चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. त्या दिवशी हेडमास्तर एकेक नाव बोलून लिहीत गेले, अन् घड्या घालायला मला बसवलं. काढणारा बी मीच.

आता खरं सांगतो. आदल्या दिवशी तीन मास्तरांनी मला फाट्यावर चहा-भजे चारले. "मारोतराव, आमची चिठ्ठी निघायला नको बरं का!" एरवी हेच मला "ए मारोत्या" म्हणत. गुरुजीनं मात्र काईच चारलं न्हाई. त्यायला असलं सुचतच न्हाई.

मंग काय! घडी घालता घालता म्या गुरुजीच्या चिठ्ठीचा कोपरा हळूच दाताखाली दाबला. डब्यात हात घातला, खरखरीत कोपरा लागला, काढली.

हेडमास्तरनं वाचली अन् गुरुजीच्या हातात दिली. गुरुजी उभे राहिले, म्हणाले, "अन् माझी पयली?"

मला लई हसू यील असं वाटलं व्हतं. आलं न्हाई.

*

ट्रेनिंगहून गुरुजी आले ते एक वही घेऊन. तिच्यात कीबोर्डाचं चित्र काढलेलं, एकेक बटन पट्टीनं आखलेलं. पर चेहरा पडलेला.

"काय झालं गुरुजी?"

"मारोती, ह्याच्यात ए च्या आधी क्यू बसवलाय. बी तर पार खाली फेकला! लेकराला फळ्यावर एक शिकवायचं अन् इथं दुसरंच? पयलीतलं पोरगं बी एवढं बेशिस्त बसत न्हाई!"

म्या म्हटलं, "मंग ओळीनं बसवा की!"

आता हे म्या चिडवाया म्हटलं. पर बावीस वर्स पोरं ओळीनं बसवलेला माणूस तो. त्यायनं बारका पेचकस मागवला, अन् आमी दोघांनी सगळे बटनं उपटून ए बी सी डी बराबर ओळीनं बसवले. काय सुंदर दिसत व्हतं! गुरुजीनं चष्मा काढून पुसला.

चौथीचा वर्ग बोलावला. पयल्या पोरानं ए दाबला. पडद्यावर क्यू!

परत दाबला. परत क्यू.

गुरुजीनं कीबोर्ड उलटा करून पायला. मंग म्हणाले, "मारोती, आपण नुसत्या टोप्या बदलल्या रे. आतले पोरं जिथल्या तिथंच बसून हायेत."

वहीतलं चित्र पाहून बटनं परत लावता लावता शाळा सुटली.

*

माऊसच्या पोटात तवा रबराची गोळी राहायची. एक दिवस दोन्ही माऊसच्या गोळ्या गायब!

हेडमास्तर म्हणाले, "सगळ्या शाळेला उभं करा, छडी आणा." गुरुजी म्हणाले, "जरा थांबा."

दुपारच्या सुट्टीत ते मागच्या भिंतीकडं गेले. तिथं पोरं गोट्या खेळून राहिले व्हते. गुरुजीनं धोतर खोचलं, उकिडवे बसले अन् म्हणाले, "मला बी डाव द्या."

पोरं घाबरले, पर न्हाई कोण म्हणणार? चार डावात गुरुजीनं सगळ्या गोट्या जिंकल्या. त्यात दोन्ही रबरी गोळ्या. बाकीच्या वापस दिल्या.

हेडमास्तरनं इचारलं, "चोर कोण व्हता?"

गुरुजी म्हणाले, "चोर काहून? म्या त्या जिंकून आणल्या."

*

पर एक गोष्ट मला रोज दिसे. कॉम्प्युटरच्या खोलीला लागूनच पयलीचा वर्ग. नवीन म्याडम शिकवत, अन् गुरुजी बाहेर खिडकीपाशी उभे. आत लेकरं 'क' गिरवत, अन् बाहेर गुरुजीचं बोट हवेत 'क' काढत राही. एखाद्याचं चुकलं की ह्यायचं बोट थांबे.

एक दिवस मला राहवलं न्हाई. जवळ गेलो. "गुरुजी, ती चिठ्ठी... म्या मुद्दाम काढली व्हती."

"ठाऊक हाय."

"आँ? कसं?"

"तिच्यावर दाताचे वण व्हते. बावीस वर्स पोरांच्या चावलेल्या पेनशिली पाहून राहिलो, तुझे दात वळखणार न्हाई?"

"मंग तवाच बोलले काहून न्हाई?"

गुरुजी खिडकीतून आत पाहात म्हणाले, "दुसरी चिठ्ठी काढली असती तर दुसऱ्याचा वर्ग सुटला असता."

त्या दिवशी म्या कोणाचीच खोडी काढली न्हाई. घरी बायकोनं इचारलं, "ताप आला का?"

*

मंग निरोप आला. पंधरा दिवसानं विस्तार अधिकारी साहेब येणार. पोरायला आपलं नाव टाईप करता आलं न्हाई, तर कॉम्प्युटर उचलून दुसऱ्या शाळेला देणार, अन् गुरुजी परत पयलीवर!

मी पळत गुरुजीकडं. "गुरुजी, काम झालं! पोरायला सांगा, साहेबासमोर गप बसायचं. मशीन जाईल, वर्ग वापस!"

गुरुजी माझ्यावर एवढ्या वर्सात एकदाच चिडले, ते तवा. "मारोत्या, माझ्या वर्गासाठी लेकरू नापास करू?"

पर तकलीफ अशी की लाईटच न्हाई. आमच्याकडं शाळा भरताना लाईट जाय, अन् सुटल्यावर ये. पोरं काळ्या पडद्यात आपलं तोंड पाहून भांग पाडत! पंधरा दिवसात शिकवावं कसं?

गुरुजीनं चुन्याच्या फक्कीची बादली मागवली. अख्ख्या मैदानावर कीबोर्ड आखला, एकेक बटन पाटाएवढं. "हं, आपलं नाव उड्या मारून लिहा!" पोरं पंधरा दिवस उड्या मारून राहिले. ज्याचं नाव लांब, त्याला दम लागे.

साहेब आले. नशिबानं लाईट व्हती. त्यायनं तांड्यावरच्या कविताला बोलावलं. तिसरीतली पोरगी, ह्याच्याआधी खऱ्या बटनाला तिचं बोट लागलंच नव्हतं. "नाव टाईप कर."

कविता खुर्चीवर बसली, परत उठली. जागेवरच एक उडी डावीकडं, दोन पुढं. मंग एक बटन दाबलं. परत उडी. परत बटन.

साहेब म्हणाले, "ही नाचून काहून राहिली?"

"शोधून राहिली साहेब," गुरुजी म्हणाले. "आमचे पोरं पायानं शिकले."

पडद्यावर कविताचं नाव उमटलं. खाली तिनं, न सांगता, तांड्याचं बी नाव लिहिलं.

साहेबानं कागदावर सही केली. जाताना मैदानातून गेले. जीपपाशी ड्रायव्हर पाहात न्हाई असं पाहून, एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात हळूच एक उडी मारली. म्या पायलं!

कॉम्प्युटर राहिले. गुरुजीचा वर्ग गेला तो गेलाच.

*

पुढच्या जूनला पयलीच्या म्याडमची बदली झाली. हेडमास्तरनं गुरुजीला बोलावलं. टेबलावर दोन हजेऱ्या. एक पयलीची, नव्या वर्साची. दुसरी कॉम्प्युटरची.

"गुरुजी, तुमी लई सोसलं. आता तुमच्या मनानं घ्या. पर एकच भेटल. तुमी पयली घेतली तर कॉम्प्युटरला कोणी न्हाई, खोलीला कुलूप."

गुरुजीनं पयलीची हजेरी उचलली. पान उलटलं. नावं वाचली, सावकाश. मंग ती काखेत मारली अन् बाहेर पडले.

हेडमास्तरनं मला खूण केली, म्हणजे कुलूप आण. मी कुलूप घेऊन निघालो. म्हटलं, बरं झालं, माझ्या डोक्यावरचं वझं उतरलं.

मैदानात पयलीची ओळ उभी. नवीन दप्तरं, शेंबडे नाकं, दोघं-तिघं रडून राहिलेले. गुरुजीनं पयल्या लेकराचं बोट धरलं. त्यानं दुसऱ्याचं धरलं. अशी आख्खी ओळ चालाया लागली, पयलीच्या दारावरून पुढं गेली, अन् सरळ कॉम्प्युटरच्या खोलीत!

हेडमास्तर पळत आले. "अहो गुरुजी, हे काय करून राहिले? पयलीचे पोरं हायेत ते! त्यायला अजून अ सुद्धा येत न्हाई!"

गुरुजी दारात वळले. म्हणाले,

"मंग काय झालं? मशीनला तरी कुठं येतो? दोघं बी बसतील संगट."

अन् माझ्या हातातलं कुलूप घेऊन खिशात टाकलं.