बटण आणि कोटाची बाही

अर्धांगाच्या झटक्यात टेलरबाईंचा उजवा हात लुळा पडला. तीस वर्षं ज्या हाताने कोट कापले, त्यात आता चमचासुद्धा ठरेना. व्यायामाचा रबरी चेंडू त्यांनी कपाटाखाली भिरकावला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागल्या. घराच्या पुढच्या खोलीतलं दुकान एकटीने ओढताना मुलीच्या नाकी नऊ आले. नवरा स्वयंपाक शिकताना रोज काहीतरी करपवायचा.

जावई जनावरांच्या दवाखान्यात कामाला होता. एका सकाळी तो काखेत करडू घेऊन आला.

"आई, दोनच दिवस सांभाळा. बिचाऱ्याची आई गेली."

"माझंच मला होईना, त्यात ही ब्याद कशाला?"

पण जावई गेला आणि भुकेल्या करडाने घर डोक्यावर घेतलं. नवरा बाजारात गेलेला. बाईंनी चरफडत डाव्या हाताने दुधाची बाटली धरली. एकाच ढुशीत बाटली कोपऱ्यात! मग त्यांनी उजव्या हाताची बोटं कशीबशी बाटलीभोवती वळवली, वर डावा हात दाबला. करडू लुचू लागलं तशी त्या बोटांना ओढ जाणवली. बाईंना हसूच फुटलं.

पुढे दिवसातून चारदा हाच कार्यक्रम. दोन दिवसांचे दोन महिने झाले. पठ्ठ्याने डब्यातली दोन बटणं गिळली, म्हणून नाव पडलं बटण.

आणि तो दिवस उजाडला. गिऱ्हाईक दारात उभं, मुलगी कोटाला शेवटची बाही जोडायला बसणार, एवढ्यात बटणाने बाही तोंडात धरून धूम ठोकली! बाई खुर्चीतून झेपावल्या आणि त्यांनी बाहीचं टोक पकडलं. बटण ओढतंय, बाई ओढतायत.

"आई, उजवा!" मुलगी किंचाळली. "तुझा उजवा हात!"

"अगं, सोडू नकोस!" नवरा पळी घेऊनच धावत आला. गिऱ्हाईकही कोट विसरून टाळ्या पिटू लागलं.

बाईंनी बाही सोडवली. लाळेने भिजलेली, पण अख्खी. धाप लागली होती, डोळे वाहत होते.

"कात्री आण," त्या म्हणाल्या.

जुन्या कापडावर कात्री कर्रकन चालली. रेघ वाकडी गेली, दोनदा बोटं अडखळली, पण कापड या टोकापासून त्या टोकापर्यंत कापलं गेलं. मुलगी तोंडाचा आ करून बघत राहिली.

"नुसती बघतेस काय? खडू घे, दुसरी रेघ मार!"