मासोळ्यांचं शिळं पाणी

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. दिघोरीहून भंडाऱ्याला आले आणि पहिल्याच वर्षी प्राणिशास्त्राच्या मॅडमनी प्रयोगशाळेतली काचेची टाकी माझ्याकडे सोपवली. तीत नागपूरहून आणलेल्या सहा नारिंगी मासोळ्या होत्या. मॅडमनी मलाच का निवडलं, कोण जाणे. पण एवढा विश्वास माझ्यावर आधी कुणी टाकला नव्हता, असं मला तरी वाटलं.

दर शनिवारी टाकीतलं थोडं पाणी बदलायचं होतं. माझ्या पहिल्या शनिवारी टाकीशेजारी एक भरलेली बादली उघडीच दिसली. पाण्यावर धूळ बसलेली. आमच्याकडे सकाळचं पहिलं काम म्हणजे कालचं पाणी फेकून ताजं भरणं. शिळं पाणी पाहुण्यापुढे ठेवलं तर आई रागवायची. मी बादली मोरीत ओतली, घासली, नळाचं ताजं पाणी घेतलं आणि थोड्याऐवजी अर्धी टाकी बदलली. मनातून खूश होते.

थोड्याच वेळात मासोळ्या तोंडं वासत वर आल्या. एक तर आडवीच झाली.

माझी हाक ऐकून प्रयोगशाळेचे शिपाईकाका धावत आले. "पोरी, बादलीतलं पानी कुठं गेलं?"

"शिळं होतं काका. पाहुण्यांना कसं द्यायचं? फेकलं."

"अवं, मीच तं शिळं केलं होतं! नळाच्या पान्यात ब्लिचिंग रायते. एक दिवस उघडं ठेवलं का उडून जाते. तू त्यायले दवाईच पाजून राहिली!"

मला रडू कोसळलं. पुढच्या तासाला मॅडम येणार होत्या. काका रसायनशास्त्राच्या खोलीतून ब्लिचिंगचा असर मारणाऱ्या हायपोचे चार-दोन खडे घेऊन आले, ग्लासात विरघळवले आणि टाकीत ओतले. "रडू नोको. टाकीकडे पाय आता."

मी काचेला नाक लावून उभी राहिले. बऱ्याच वेळाने आडव्या मासोळीची शेपटी हलली. तास सुरू व्हायच्या आत सहाही मासोळ्या तळाशी फिरू लागल्या.

मॅडमना मी अडखळत सगळं सांगितलं. न सांगताही चाललं असतं बहुधा. त्यांनी टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पुढच्या शनिवारचं पाणी शुक्रवारीच भरून ठेव," एवढंच म्हणाल्या.

म्हणजे काम माझ्याकडेच होतं.

"आता पाहुण्यायले शिळंच पाजजो," काका हसले.

शुक्रवारी बादली भरून मी तिच्यावर खडूने लिहिलं: फेकू नये. ते माझ्यासाठीच होतं.