सही: एक जागरूक नागरिक

फार्मसीला आमच्या धावडा गावच्या आम्ही दोघीच. जालन्यात एका खोलीत राहायचो, एकाच बाटलीतलं तेल लावायचो. मला तिच्यापेक्षा चार मार्क जास्त होते आणि ते मी तिला वर्षभर ऐकवले. माझी फी वडिलांनी भरली, तिची राखीव शिष्यवृत्तीतून भरली गेली. गावात अशांना सरकारचे जावई म्हणतात. मी तिला सरकारची सून म्हणायचे. ती हसायची. त्या हसण्याचा मला संताप यायचा.

शेवटी वडील मला घेऊन नवीन जालन्यात एका वकिलाकडे गेले. या शिष्यवृत्तीविरुद्ध कोर्टात जाता येईल का, हे विचारायला.

"काही उपयोग न्हाई. घटनेतच तरतूद आहे. बिलकुल कायदेशीर," वकील म्हणाले.

"अन् न्यायाचं काय?"

"तिची आई तुमच्याच शेडनेटमधी कामाला येते म्हणालात ना? मंग न्यायाचं मला कशाला विचारता?"

वडिलांनी नाद सोडला. मी सोडला नाही. आमच्याकडे दुसऱ्याचं बरं बघवेनासं झालं की लोक निनावी अर्ज करतात आणि सहीच्या जागी 'एक जागरूक नागरिक' लिहितात. मीही लिहिलं: मुलीच्या बापाची स्वतःची रिक्षा आहे, उत्पन्नाचा दाखला खोटा आहे. रिक्षा तिच्या मामाची होती. बाप दिवसभर चालवून संध्याकाळी किल्ली परत द्यायचा. मला हे पक्कं माहीत होतं, कारण त्याच रिक्षातून मी फुकट एसटी स्टँडला जायचे.

चौकशी लागली, शिष्यवृत्ती थांबली आणि कॉलेजनं तिचा परीक्षेचा फॉर्म अडवला. ती सामान बांधून गावी निघाली तेव्हा गाठोड्याची दोरी मीच आवळून दिली. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

दाखला खरा आहे असा चौकशीचा निकाल आला, तोवर घरच्यांनी तिची सोयरीक जमवली होती. मी सुट्टीला गावी होते. तिची आई आमच्या शेडनेटमधल्या मिरचीच्या ओळीतून हात पुसत माझ्याकडे आली.

"ताई, तेवढा अर्ज लिहून द्या. सोमवारपस्तोर कॉलेजात पोचला तर फॉर्म घेतेत म्हणं. मंग मी सोयरीकच मोडते. अन् लिहा, कुण्या जळक्यानं खोटी तक्रार केल्ती."

मी लिहिलं, 'अज्ञात व्यक्तीने द्वेषापोटी.' तिनं अंगठा उठवला. "तुम्ही जालन्याला चालल्याच, बराबर नेऊन द्या."

आजही पंगतीत आरक्षणाचा विषय निघाला की न्याय, गुणवत्ता, कायदा यांवर मी तावातावानं बोलते. सोमवारी मी कॉलेजच्या ऑफिसवरून दोनदा गेले, हे मात्र सांगत नाही. अर्ज पर्समध्येच होता. तो मी मंगळवारी दिला आणि तारखेच्या शिक्क्याची पोच घेतली.

शनिवारी ती पोच तिच्या आईच्या हातात ठेवली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं कागद कपाळाला लावला आणि माझ्या पाया पडायला वाकली.